अंतर्जात श्वसन : सक्रिय गाळातील जिवाणूंची उपासमार आणि गाळाचा हिशेब

सक्रिय गाळ पद्धतीचे गणित शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याला एक वजाचे पद भेटते. जिवाणूंच्या वाढीचा वेग लिहायचा, त्यातून 'केडी गुणिले एक्स' वजा करायचे आणि पुढच्या पायरीकडे जायचे. केडी म्हणजे काय, असे तोंडी परीक्षेत विचारले की उत्तर तयार असते : "क्षय गुणांक, दररोज ०.०६." आकडा पुस्तकातलाच असतो. पण क्षय कशाचा होतो, का होतो आणि क्षय झालेले वस्तुमान जाते कुठे, असे विचारले की बहुतेक जण फळ्याकडे बघू लागतात. संयंत्राच्या ब्लोअरचे वीजबिल, गाळ वाळवण्याच्या वाफ्यांचे क्षेत्रफळ आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातील नायट्रेट या तिन्हींवर ह्या एका पदाचा थेट परिणाम होतो. म्हणून या टिपणात फक्त त्याचाच विचार करू.

एरेशन टाकीतील पंगत

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून झाल्यावर खाली बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या खेपेच्या सांडपाण्यासाठी पुन्हा वापरला. सक्रिय गाळ पद्धतीचा जन्म या 'परत वापरण्या'त आहे. परत वापरल्यामुळे टाकीतील जिवाणूंची संख्या येणाऱ्या अन्नाच्या मानाने प्रचंड वाढते. टाकीत एक लिटर पाण्यामागे ३००० मिलिग्रॅम गाळ फिरत असतो आणि त्याच पाण्यात विरघळलेले, जिवाणूंना खाण्याजोगे अन्न जेमतेम काही मिलिग्रॅम उरलेले असते. पंगतीत हजार पाने मांडली आणि भात शिजवला शंभरांपुरता, अशी ही स्थिती आहे. टाकीतील बहुतेक पेशी बहुतेक वेळ अर्धपोटी असतात. ही संयंत्रातील बिघाडाची खूण समजू नका. पाणी स्वच्छ होते ते नेमके याच उपासमारीमुळे, कारण भरपूर खायला मिळणारा जिवाणू शेवटचा घास शोधत बसत नाही.

आता उपाशी पेशीचे काय होते ते पाहू. वाढ थांबली तरी पेशीचा खर्च थांबत नाही. पटलाच्या आतबाहेर आयनांचा फरक टिकवायचा असतो, मोडलेली प्रथिने पुन्हा बनवायची असतात, काही जातींना हालचालही करायची असते. या खर्चाला देखभाल ऊर्जा म्हणतात. बाहेर अन्न असेल तर हा खर्च अन्नातून भागतो. पिर्ट यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार हाच आहे. अन्न नसेल तर तो पेशीच्या स्वतःच्या द्रव्यातून भागवावा लागतो. त्याआधी १९५८ मध्ये हर्बर्ट यांनी वाढीच्या समीकरणात वजाचे पद घातले ते याच कल्पनेवर. पेशीने स्वतःचे द्रव्य जाळून ऊर्जा मिळवणे म्हणजे अंतर्जात श्वसन.

जाळण्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. दुष्काळात घर आधी कणगीतले धान्य संपवते, मग भांडीकुंडी विकते आणि अगदी शेवटी छपराचे वासे चुलीत घालते. जिवाणूही आधी साठवलेले ग्लायकोजेन आणि पीएचबीसारखे पदार्थ वापरतो. ते संपले की रायबोसोममधील आरएनए आणि प्रथिने मोडायला घेतो. वाढच थांबलेली असताना प्रथिने बनवणारे इतके कारखाने पेशीला परवडतही नाहीत. प्रथिनांतील ॲमिनो आम्ले जळली की नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. या अमोनियाकडे पुढे यायचे आहे.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. २०१६ च्या नोबेल पारितोषिकानंतर 'ऑटोफॅजी' हा शब्द सर्वांच्या ओळखीचा झाला आणि उत्तरपत्रिकांतून तो या प्रकरणातही येऊ लागला. ओसुमी यांचे काम यीस्टवर आहे. यीस्टच्या पेशीत टाकाऊ भाग पचवणारी वेगळी पिशवी, म्हणजे व्हॅक्युओल असते. जिवाणूंमध्ये ती यंत्रणा नाही. ते आपल्या विकरांनी पेशीरसातच प्रथिने आणि आरएनए मोडतात. दोन्हींचा हेतू सारखा वाटला तरी शब्द एक वापरू नये.

शिवाय सगळा क्षय श्वसनाने होत नाही. काही पेशी मरून फुटतात आणि त्यांचा आतला रस शेजारच्या जिवाणूंचे अन्न बनतो. काहींना विषाणू फोडतात. बऱ्याच पेशी व्होर्टिसेला, इतर सिलिएट आणि रोटिफर खाऊन टाकतात. प्रयोगशाळेत आपण ऑक्सिजनचा वापर आणि गाळाचे वजन मोजतो, आणि या दोन मोजमापांवरून पेशीने स्वतःला खाल्ले की तिला दुसऱ्याने खाल्ले हे ओळखता येत नाही. अभियंत्याचा केडी म्हणजे या साऱ्यांची एकत्र बेरीज.

१.४२ हा आकडा कुठून येतो

हूव्हर आणि पोर्जेस यांनी १९५२ मध्ये दुग्धव्यवसायाच्या सांडपाण्यावर काम करताना जिवाणूंच्या पेशीद्रव्यासाठी एक सरासरी सूत्र दिले. कार्बनचे ५, हायड्रोजनचे ७, ऑक्सिजनचे २ आणि नायट्रोजनचा १ अणू, असे ते सूत्र. त्याचे रेणुभार मूल्य ११३. असा एक रेणू पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात, म्हणजे १६० भार. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५, पाण्याचे २ आणि अमोनियाचा १ रेणू मिळतो. १६० ला ११३ ने भागले की १.४२. एक किलो पेशीद्रव्य जाळायला १.४२ किलो ऑक्सिजन लागतो. सुटलेल्या अमोनियाचे पुढे नायट्रेट झाले तर ऑक्सिजनचे ५ ऐवजी ७ रेणू लागतात आणि तोच आकडा १.९८ होतो.

पण पेशी पूर्ण जळत नाही. पेशीभित्तिकेचा काही भाग इतका चिवट असतो की संयंत्रात मिळणाऱ्या काळात कोणी तो पचवू शकत नाही. क्षय झालेल्या द्रव्यापैकी सुमारे २० टक्के असा अवशेष म्हणून मागे राहतो. तो श्वसन करत नाही, अन्न खात नाही, फक्त गाळात साचतो आणि वजनकाट्यावर मात्र जिवंत पेशीसारखाच मोजला जातो. पुढचा सगळा गोंधळ या २० टक्क्यांतून सुरू होतो.

एका बादलीतून दोन उत्तरे

तुमच्या प्रयोगशाळेत करता येईल असा हा प्रयोग आहे. एरेशन टाकीतून गाळ आणा, बादलीत घ्या, सांडपाणी न घालता हवा सुरू ठेवा. अमोनियाचे नायट्रेट होऊन ऑक्सिजनचे मोजमाप बिघडू नये म्हणून थोडे अलाइल थायोयुरिया घाला. मत्स्यपेटीचा छोटा पंप हवेसाठी पुरतो. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी रोज ऊर्ध्वपातित पाण्याने भरून काढा, नाहीतर गाळाची संहती उगाच वाढलेली दिसेल. रोज दोन गोष्टी मोजा : ऑक्सिजन वापराचा वेग, आणि गाळातील बाष्पनशील घन पदार्थ म्हणजे व्हीएसएस.

समजा, पहिल्या दिवशी व्हीएसएस लिटरला ३००० मिलिग्रॅम आहे, पण त्यातला फक्त ४० टक्के, म्हणजे १२०० मिलिग्रॅम भाग जिवंत आणि सक्रिय आहे. बाकीचा जुना अवशेष आणि सांडपाण्याबरोबर आलेला न पचणारा कचरा. सक्रिय पेशींचा क्षय दररोज ०.२४ या दराने होतो आणि त्यातला ८० टक्के भाग जळतो, असे धरू. मग ऑक्सिजनचा वापर १२०० गुणिले ०.२४ गुणिले ०.८ गुणिले १.४२, म्हणजे दिवसाला सुमारे ३२७ मिलिग्रॅम, तासाला १३.६. पाच दिवसांनी सक्रिय पेशी ३० टक्केच, म्हणजे ३६० मिलिग्रॅम उरतात आणि ऑक्सिजनचा वापर तासाला ४.१ वर येतो. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन ५ ने भागा. उत्तर येते ०.२४.

आता तीच गोष्ट व्हीएसएसवरून काढा. सक्रिय पेशी ८४० मिलिग्रॅमने घटल्या, पण त्यातले १६८ मिलिग्रॅम अवशेष म्हणून बादलीतच राहिले. वजन घटले फक्त ६७२ ने. ३००० चे २३२८ झाले. पुन्हा लॉगॅरिथम घेऊन ५ ने भागा : ०.०५१.

बादली एकच, गाळ एकच, जिवाणू तेच. एका मोजमापाने क्षय गुणांक ०.२४ येतो आणि दुसऱ्याने ०.०५. दोन्ही खरे आहेत. पहिला सक्रिय पेशींचा क्षय सांगतो, दुसरा मेलेल्या-जिवंत सगळ्या गाळाचे वजन किती वेगाने घटते ते सांगतो. जुन्या पुस्तकांतील ०.०६ हा दुसऱ्या प्रकारचा आकडा आहे. त्याची अडचणही इथेच दिसते. गाळ आणखी जुना असून सक्रिय भाग ४० ऐवजी २० टक्के असता, तर त्याच हिशेबाने ०.०२४ आला असता. म्हणजे जिवाणूंचा स्वभाव मुळीच न बदलता 'गुणांक' निम्म्याहून कमी झाला. ज्या गाळावर मोजला त्याच्या वयाशी तो बांधलेला आहे. म्हणून कुठल्याही तक्त्यातला केडी उचलण्यापूर्वी तो सक्रिय पेशींसाठी आहे की एकूण व्हीएसएससाठी, हे पाहणे ही मला या प्रकरणातील सर्वांत उपयोगी सवय वाटते. समीकरणे पाठ असण्यापेक्षाही.

तिसरा आकडा : ०.६२

संगणकीय प्रतिकृती वापरू लागलात की आणखी एक आकडा समोर येतो. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने प्रसिद्ध केलेल्या सक्रिय गाळ प्रतिकृती क्रमांक १ मध्ये, म्हणजे एएसएम-१ मध्ये, परपोषी जिवाणूंचा क्षय दररोज ०.६२ धरलेला असतो. विद्यार्थी म्हणतात, जिवाणू अडीचपट वेगाने मरायला लागले का?

नाही. तिथे गोष्ट वेगळ्या रीतीने सांगितली आहे. डोल्ड, एकामा आणि मराईस यांनी १९८० मध्ये मांडलेल्या 'मृत्यू आणि पुनर्निर्मिती' कल्पनेनुसार पेशी स्वतःला जाळत नाही. ती मरते, तिचे द्रव्य पुन्हा अन्न बनते आणि त्या अन्नावर नवीन पेशी वाढतात. १०० ग्रॅम पेशी मेल्या असे धरा. ८ ग्रॅम न पचणारा अवशेष झाला, ९२ ग्रॅम अन्न झाले. उत्पादन गुणांक ०.६७ असल्याने त्या अन्नातून ६१.६ ग्रॅम नवीन पेशी तयार झाल्या. निव्वळ घट ३८.४ ग्रॅम. आता ०.६२ ला ०.३८४ ने गुणा : ०.२४. अवशेषाचाही ताळा पाहा. ३८.४ ग्रॅम निव्वळ घटीमागे ८ ग्रॅम अवशेष, म्हणजे जवळजवळ २१ टक्के. आपण बादलीत धरलेला २० टक्क्यांचा आकडा हाच.

एकाच व्यवहाराची ही दोन पद्धतींनी लिहिलेली वही आहे. एकात निव्वळ खर्च लिहिला, दुसऱ्यात पूर्ण खर्च आणि परत आलेली जमा वेगवेगळी लिहिली. घोटाळा होतो तो एका वहीतला खर्च आणि दुसऱ्या वहीतली जमा घेतली की. ०.६२ बरोबर २० टक्के अवशेष, किंवा ०.२४ बरोबर ८ टक्के, अशी जोडी जुळवली तर गाळाचे उत्तर हमखास चुकते. १९९९ च्या एएसएम-३ मध्ये पुन्हा अंतर्जात श्वसनाची सरळ मांडणी आली. मला शिकवायला ती सोपी वाटते. पण एएसएम-१ अजून सर्वत्र वापरात असल्याने दोन्ही यायला हव्यात.

गाळ कमी, वीज जास्त

संकल्पनाच्या बाजूने पाहू. जिवाणूंनी १०० किलो पचनशील सीओडी खाल्ला. उत्पादन गुणांक ०.४५ किलो व्हीएसएस प्रति किलो सीओडी, क्षय ०.२४, अवशेष २० टक्के. गाळाचे वय ५ दिवस ठेवले तर रोज काढून टाकायच्या गाळात सक्रिय पेशी २०.५ किलो आणि अवशेष ४.९ किलो, एकूण २५.४ किलो. ऑक्सिजन लागतो १०० वजा (१.४२ गुणिले २५.४), म्हणजे ६४ किलो. गाळाचे वय २० दिवस केले तर सक्रिय ७.८, अवशेष ७.४, एकूण १५.२ किलो, ऑक्सिजन ७८ किलो. गाळ १०.२ किलोने घटला, ऑक्सिजन सुमारे १४.४ किलोने वाढला. १४.४ भागिले १०.२ किती, ते करून पाहा. प्रत्येक किलो गाळ कमी करण्याची किंमत १.४२ किलो ऑक्सिजन आहे, आणि ती ब्लोअरच्या मीटरवर मोजली जाते.

हा सौदा जाणूनबुजून करणारी पद्धत म्हणजे विस्तारित वायुमिश्रण, एक्स्टेंडेड एरेशन. नेदरलँड्समधील व्होर्सखोटेन येथे पास्वीर यांनी १९५४ मध्ये केलेला ऑक्सिडेशन डिच हे तिचे प्रसिद्ध रूप. प्राथमिक निवळण टाकी नको, वेगळी पाचन टाकी नको, गाळाला वास कमी. लहान गावाला किंवा गृहसंकुलाला हे सोयीचे, कारण तिथे गाळ हाताळणारी माणसे मिळत नाहीत. आपल्याकडील छोटी पॅकेज संयंत्रे बहुतेक याच तत्त्वावर चालतात.

आणि म्हणूनच विक्रेत्यांच्या पत्रकात 'शून्य गाळ' असे शब्द दिसतात. ते तपासायला वरचेच समीकरण पुरते. गाळाचे वय अनंत केले, म्हणजे सर्व सक्रिय पेशी जळून जाईपर्यंत थांबलो, तरी अवशेष ०.४५ गुणिले ०.२० गुणिले १००, म्हणजे ९ किलो राहतोच. त्यात सांडपाण्याबरोबर येणारी माती, राख, न पचणारे तंतू मिळवा. गाळ काढलाच नाही तर तो टाकीत साचत जातो आणि एक दिवस दुय्यम निवळण टाकीच्या कडेवरून पाण्याबरोबर बाहेर पडतो. तेव्हा 'शून्य गाळ' संयंत्राचा गाळ नाल्यात सापडतो. अति जुन्या गाळाचे गुच्छही बारीक आणि सुटे होतात. ते नीट बसत नाहीत, आणि बीओडी उत्तम असूनही पाणी किंचित गढूळ दिसते.

आता तो अमोनिया. पेशीद्रव्यात नायट्रोजन ११३ भागांत १४, म्हणजे सुमारे १२.४ टक्के. एक किलो पेशीद्रव्य जळले की १२४ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात परत येतो. वाढताना पेशींनी जो नायट्रोजन शोषून पाण्यातून काढला होता, तोच हा. थोडा फॉस्फरसही सुटतो. लांब वयाच्या गाळात नायट्रीकरण करणारे जिवाणू असतातच. ते या अमोनियाचे नायट्रेट करतात आणि आम्ल तयार होते. गाळाच्या वायुजीवी पाचन टाकीत हे ठळक दिसते. प्रत्येक किलो जळालेल्या द्रव्यामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ४४० ग्रॅम क्षारता निव्वळ खर्ची पडते आणि सामू खाली येतो. चालक चुन्याची पोती मागवतो. त्याऐवजी दिवसात काही तास हवा बंद ठेवली तर तेच उपाशी जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरून पेशीद्रव्य जाळतात, क्षारता बरीचशी परत मिळते आणि वीजही वाचते. माझे मत विचाराल तर चुन्याआधी हा उपाय करून पाहावा.

तापमानाबद्दल थोडक्यात. क्षयाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. सक्रिय पेशींच्या ०.२४ या आकड्यासाठी दर अंशाला १.०२९ हा गुणक वापरतात. २० अंशांवरचा ०.२४ हा ३० अंशांवर ०.३२ होतो. पाठ्यपुस्तकांतील बहुतेक आकडे २० अंशांचे असतात आणि आपल्या बहुतांश प्रदेशातील सांडपाणी वर्षाचा मोठा काळ त्याहून उष्ण असते, हे संकल्पन करताना लक्षात असू द्या.

बीओडीची बाटली

हीच उपासमार तुम्ही दुसऱ्या वर्षीच पाहिलेली असते, फक्त तेव्हा तिचे नाव सांगितलेले नसते. बीओडीच्या बाटलीत पहिल्या दिवस-दोन दिवसांत जिवाणू विरघळलेले अन्न संपवतात. त्यातला काही भाग जळतो, उरलेल्याच्या नव्या पेशी होतात. त्यानंतर बाटलीत जो ऑक्सिजन खर्च होतो तो मुख्यतः त्या पेशींच्या स्वतःला जाळण्याचा आणि एकमेकांना खाण्याचा असतो. आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांची चाचणी चालते ती यामुळेच ५ दिवस आणि २० अंशांच्या जवळपास उत्तर देते : उष्णतेने दोन्ही टप्पे लवकर उरकतात. आणि बाटली कितीही दिवस ठेवली, तरी ग्लुकोजसारख्या पूर्ण पचनशील पदार्थाचाही अंतिम बीओडी त्याच्या सीओडीइतका होत नाही. फरक कुठे गेला? तो तळाशी त्या चिवट पेशीभित्तिकांत पडलेला असतो.

वसतिगृहाला सुट्टी लागते तेव्हा

शेवटी एक व्यवहारातला प्रश्न. महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे छोटे संयंत्र आहे, आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामे. सांडपाणी येत नाही. ब्लोअर नेहमीसारखा चालू ठेवावा का?

०.२४ च्या हिशेबाने २० दिवसांत सक्रिय पेशी एक टक्क्याहूनही कमी उरायला हव्यात. प्रत्यक्षात तितके होत नाही, कारण लांब उपासात पेशींचा खर्च मंदावतो आणि काही सुप्तावस्थेत जातात. तरी नुकसान मोठे असते, आणि ते आपण वीज खर्चून करत असतो. हवा नसताना क्षय बराच हळू होतो. एएसएम-३ मध्ये ऑक्सिजनविरहित पण नायट्रेट असलेल्या स्थितीत क्षयाचा वेग सुमारे निम्मा धरतात. त्यामुळे सुट्टीत ब्लोअर दिवसातून थोडा वेळ, गाळ ढवळला जाईल आणि वास सुटणार नाही इतकाच चालवावा. सुट्टीआधी घाईने भरपूर गाळ काढून टाकू नये. मुले परत आली की बीओडी थोड्याच दिवसांत ताळ्यावर येतो, कारण परपोषी जिवाणू वेगाने वाढतात. नायट्रीकरण करणारे जिवाणू मात्र सावकाश वाढणारे. बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया खाली यायला आणखी काही आठवडे लागू शकतात. तोवर चालकाने टाकीतील ऑक्सिजन २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर ठेवावा आणि गाळ काढण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा कमी ठेवावे.